छोटी निसर्गकविता सोबत्यांना दाखवून घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीन-चार ओळींची निसर्गकविता लिहून ती चार जणांना दाखवणारे आणि ती वाचून काय बोलावं असा पेच पडलेले, अशा दोघांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नमुन्याच्या ओळी याच पानासाठी रचल्या आहेत.

१. 'छोटी' म्हणजे किती छोटी? चारोळी, हायकू, अष्टाक्षरी, यातलं काय चालतं?

सगळं चालतं. दोन ते आठ ओळी धरा, म्हणजे एका दमात वाचून होईल आणि लगेच दुसऱ्यांदा वाचावीशी वाटेल एवढी. हायकू मूळचा जपानी, तीन ओळींचा. मराठीत तो शिरीष पै यांनी रुजवला. चारोळी चार ओळींची, बहुधा यमक असलेली. अष्टाक्षरीत दर ओळीला आठ अक्षरं. प्रकार कोणताही घ्या, सात-आठ शब्दांच्या कवितेत एकेका शब्दावर फार भार असतो. वीस ओळींत खपून जाणारं 'सुंदर' तीन ओळींत खपत नाही. दुसऱ्याचे डोळे इथे जास्त उपयोगी पडतात ते यामुळेच.

२. सुचली की लगेच पाठवू, की थांबू?

निदान एक रात्र जाऊ द्या. लिहिल्या क्षणी दृश्य इतकं ताजं असतं की कागदावर नसलेलंही तुम्हाला वाचताना दिसतं. सकाळी वही उघडली की कागदावर खरोखर काय उतरलंय ते कळतं. पाठवण्याआधी कविता मोठ्याने दोनदा वाचा आणि एकेक विशेषण बोटाने झाकून बघा. झाकल्यावर काही हरवलं नाही तर ते विशेषण काढा. वाचणाऱ्यांचा वेळ अशा गोष्टींवर जाऊ नये.

महिनाभर मात्र थांबू नका. मोसम उलटला की शंका आल्यावर जाऊन बघायला ते झाड फुललेलं नसतं आणि तो पक्षी बोलत नसतो (प्रश्न ९).

३. किती जणांना दाखवावी? घरच्यांना दाखवली तर चालेल का?

तीन ते पाच जण पुरतात. त्यात कविता न लिहिणारा पण वाचणारा एकजण हवा आणि झाडं-पाखरं ओळखणारा एकजण हवा. पाचही जण कवीच असले की चर्चा शब्दांच्या कारागिरीत अडकते आणि चिमणी आहे की सुगरण हे कुणी विचारत नाही.

घरच्यांना जरूर दाखवा, पण त्यांची एक अडचण ध्यानात ठेवा. अंगणातलं ते झाड त्यांनीही रोज पाहिलेलं असतं. कवितेत जे राहून गेलं ते ते आपल्या आठवणीतून भरून घेतात, म्हणून काय राहिलंय ते त्यांना सांगता येत नाही. ज्याने तुमचं अंगण पाहिलेलं नाही तोच ते सांगू शकतो.

४. कविता दाखवताना सोबत काय लिहायचं?

शक्य तितकं कमी. 'काल राजमाचीला गेलो होतो, तिथे धुकं होतं, तेव्हा हे सुचलं' असं आधी सांगितलं की वाचणारा कवितेआधीच राजमाचीला पोचतो आणि धुकं ओळींतून दिसतंय की नाही हे कधीच कळत नाही. पार्श्वभूमी सांगायचीच तर अभिप्राय आल्यावर सांगा.

आणि 'कशी वाटली?' असं विचारू नका. या प्रश्नाचं मराठीत एकच सभ्य उत्तर आहे: छान. त्याऐवजी 'तुम्हाला काय दिसलं?' आणि 'वाचताना कुठे थांबलात?' एवढे दोन प्रश्न टाका. तिसरा हवा असेल तर तुमच्या मनात जी शंका आहे तीच विचारा, पण कुठला शब्द खटकतोय ते सांगू नका. सांगितलं की सगळे त्याच शब्दाकडे बघतात.

५. मी स्वतः कविता लिहीत नाही. मग मी काय अभिप्राय देणार?

तुमचा अभिप्राय बहुतेक वेळा सर्वात कामाचा ठरतो, कारण तुम्ही दुरुस्ती सुचवायला जात नाही. तुम्हाला जे झालं ते सांगा.

आधी काय दिसलं ते, अगदी शब्दशः: 'मला मातीची वाट दिसली, सकाळची वेळ, माणूस कुणी नाही.' कवीच्या मनात भर दुपार असेल तर तुमच्या या एका वाक्यात त्याचं अर्धं काम झालं. मग कुठे अडखळलात ते: दोनदा वाचावी लागलेली ओळ, चुकीच्या शब्दाशी जोडला गेलेला शब्द. मग कविता बाजूला ठेवून, न बघता, कुठला शब्द आठवतो ते. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जो शब्द राहतो त्यावर कविता उभी असते आणि पुढच्या खर्ड्यात नेमका तोच उडवला जाण्याचा धोका असतो. शेवटी एखादा खराखुरा प्रश्न: झाड कुणाचं, पाऊस लागून राहिलाय की नुकताच थांबलाय, बोलणारा माणूस आत आहे की बाहेर.

सल्ला या सगळ्यानंतर, आणि कवीने मागितला तरच. 'इथे लय हवी', 'अजून खोली हवी' ही वाक्यं कवीला काहीच देत नाहीत. 'दुसऱ्या ओळीत माझी जीभ अडखळली' हे देतं.

६. प्रत्यक्षात एखादी कविता अशी सुधारते कशी? उदाहरण दाखवाल का?

पहिला खर्डा असा:

पहाटेच्या शांत वेळी
प्राजक्ताचा सुंदर सडा
मन माझं हरवून गेलं
निसर्गाची किमया बघा

वाचणारे तिघे. पहिल्याने सांगितलं, सडा दिसला पण तो कुठलाही, कॅलेंडरवरचासुद्धा असू शकेल. दुसरी म्हणाली, चौथ्या ओळीत मला 'बघा' म्हटलंय पण बघायला काही दिलेलं नाही. तिसऱ्याने एवढंच विचारलं: झाड कुणाचं? झाड शेजारच्यांचं होतं, फांद्या भिंतीवरून अलीकडे आलेल्या. त्या उत्तरातून दुसरा खर्डा निघाला:

झाड शेजारचं
फुलं मात्र
माझ्या अंगणात

चार ओळींच्या तीन झाल्या, 'सुंदर', 'मन' आणि 'किमया' गेले. पण दोघांनी तत्काळ एकच गोष्ट सांगितली: सत्यभामेच्या अंगणातला पारिजात आणि रुक्मिणीच्या दारी पडणारी फुलं. मराठी वाचक ही कथा ऐकतच मोठा झालेला असतो, त्यामुळे तो या भिंतीपाशी न थांबता थेट द्वारकेत जातो. मुद्दाम योजलं असतं तर हेच बळ ठरलं असतं. कवीच्या मनात ते नव्हतं. मग पुढचा प्रश्न आला: अंगणात म्हणजे नेमकी कशावर पडतात? उत्तर: स्कूटरच्या सीटवर, रोज सकाळी, निघायच्या वेळी.

ऑफिसची घाई
स्कूटरच्या सीटवरून एकेक
प्राजक्ताचं फूल

आता कविता एका जागी आली. पण एका वाचकाला फुलं वाऱ्याने एकेक घसरून खाली पडताना दिसली. क्रियापद नसल्याचा हा परिणाम. 'उचलतो' की 'उचललं' यावर बराच विचार झाला. 'उचलतो' म्हटलं की बोलणारा पुरुष आहे हे ठरतं आणि कवितेत 'मी' येऊन उभा राहतो. 'उचललं' हे फुलाशी जुळतं, माणूस मागे राहतो आणि हातात फक्त फूल उरतं. मराठी क्रियापदाची ही सोय लहान कवितेत सोन्यासारखी आहे. 'उचललं'ची चार अक्षरं बसवण्यासाठी 'स्कूटरच्या' ही चार अक्षरं काढली:

ऑफिसची घाई
सीटवरून एकेक उचललं
प्राजक्ताचं फूल

लगेच नवी अडचण. नव्या वाचकाला एसटीची सीट दिसली, कुणाच्या तरी केसातून पडलेल्या फुलांसह. 'स्कूटरवरून एकेक उचललं' असं करून पाहिलं, पण 'स्कूटरवरून' म्हटलं की मराठी कान 'स्कूटरवरून जाताना' असं ऐकतो. रस्त्यातली फुलं धावत्या गाडीवरून उचलल्यासारखं झालं. वाचणाऱ्यांनी एवढंच सांगितलं की गाडी दिसत नाही. कवीने उत्तर मधल्या ओळीत न शोधता पहिल्या ओळीत शोधलं:

किक मारण्याआधी
सीटवरून एकेक उचललं
प्राजक्ताचं फूल

'किक'मध्ये गाडी आली, निघण्याची वेळ आली, आणि घाई हा शब्द न वापरता घाईही आली. ही ओळ कुणी सुचवलेली नव्हती. ती निघाली वाचणाऱ्यांनी अडचण नेमकी दाखवल्यामुळे.

७. 'छान', 'अप्रतिम' आणि हात जोडलेला इमोजी यापलीकडे मला काहीच मिळत नाही. काय करू?

दोष अनेकदा विचारण्यात असतो (प्रश्न ४). तसं करूनही फरक पडला नाही तर एकाच कवितेचे दोन खर्डे पाठवा आणि कुठला ठेवू एवढं विचारा. निवड करायची म्हटली की माणूस कारण शोधतो, आणि त्या कारणात तुमचा अभिप्राय असतो. आणखी एक उपाय म्हणजे एकाला बाजूला घेऊन कविता एकदा ऐकवायची आणि पाच मिनिटांनी तिने काय सांगितलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावायचं. जे तो गाळतो ते पोचलेलं नसतं.

८. एकाने माझी अख्खी ओळच बदलून पाठवली, आणि ती माझ्या ओळीपेक्षा चांगली आहे. घेऊ का?

आधी त्याला विचारा की मूळ ओळीत त्याला काय कमी पडलं. ते कारण तुमचं औषध, त्याची ओळ हे फक्त त्याचं उत्तर. कारण कळल्यावर तुमचं स्वतःचं उत्तर निघतं का ते दोन दिवस बघा.

चांगली सूचना आणि या कवितेची सूचना यांत फरक असतो. जपानी हायकूकार बाशो (१६४४–१६९४) याच्या बेडकाच्या हायकूची हकिगत त्याचा शिष्य शिको याने लिहून ठेवली आहे. बेडकाची उडी आणि पाण्याचा आवाज हा भाग बाशोकडे तयार होता, सुरुवातीचा तुकडा हवा होता. किकाकू या शिष्याने 'यामाबुकी' सुचवलं, म्हणजे पिवळ्या फुलांचं एक झुडूप. सूचना सुरेखच होती. बेडूक आणि यामाबुकी ही जोडी जपानी कवितेत जुनीच होती. बाशोने ती बाजूला ठेवली आणि 'जुनं तळं' घेतलं. ही १६८६ सालची गोष्ट. यात किकाकूची सूचना वाया गेली असं मानू नका. ती समोर आल्यामुळे दोन वाटा दिसल्या: सजवलेली आणि साधी.

ओळ घ्यायचीच ठरवली तर तसं उघडपणे सांगा. हक्काचा भाग प्रश्न १९ मध्ये आहे.

९. कवितेतलं फूल किंवा पक्षी चुकीचा आहे असं वाटलं तर सांगावं का? कविता म्हणजे काही जीवशास्त्राचं पुस्तक नव्हे.

सांगावं, आणि लवकर सांगावं. निसर्गकविता 'मी हे पाहिलं' अशा विश्वासावर चालते. ज्याने ते झाड खरंच पाहिलंय त्याचा विश्वास एका शब्दाने उडतो आणि पुढच्या ओळी त्याला ऐकूच येत नाहीत.

नेहमी आढळणाऱ्या चुका अशा. 'कोकिळा गाते': कुहू कुहू करतो तो काळा, लाल डोळ्यांचा नर, मादी तपकिरी, ठिपकेवाली आणि तिचा आवाज तुटक. प्रत्यक्ष ऐकलेल्या सुराबद्दल लिहीत असाल तर 'कोकिळ' लिहा. प्राजक्त संध्याकाळनंतर उमलतो आणि पहाटे गळतो. दुपारी उमलणारा प्राजक्त नसतो, आणि त्याचा बहर पाऊस उतरणीला लागल्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंतचा, त्यामुळे वैशाखातला सडा खटकतो. पळस फुलतो तेव्हा बहुतेक निष्पर्ण असतो, म्हणून 'हिरव्या पानांत पेटलेला पळस' म्हटलं की चित्र मोडतं. कारवी दरवर्षी फुलत नाही, साधारण सात वर्षांनी एकदा फुलते. सह्याद्रीतले काजवे मे अखेर ते जूनमधले. श्रावणातल्या कवितेत त्यांनी झाड उजळून टाकलं तर कुणीतरी विचारणारच.

सर्वात जास्त घोटाळे चंद्राचे होतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळण्याच्या सुमारास पूर्वेला उगवतो, म्हणून संध्याकाळी पश्चिमेच्या समुद्रावर पूर्ण चंद्र दिसत नाही. शुद्ध बीजेची कोर संध्याकाळी पश्चिमेला दिसते आणि थोड्याच वेळात मावळते, ती मध्यरात्री खिडकीत येत नाही. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र मावळतीच्या वेळी डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. कोकण किनाऱ्यावरच्या कवितांत हे तपासणं विशेष गरजेचं.

सांगताना 'चूक आहे' म्हणण्यापेक्षा 'मी पाहिलेला पळस बिनपानांचा होता, तुमचा कसा होता?' असं विचारा. क्वचित कवीने खरोखर अपवाद पाहिलेला असतो, आणि मग तो अपवादच कवितेचा विषय व्हायला हवा.

१०. मग चातकाने फक्त पावसाचं पाणी प्यायचं, चकोराने चांदणं, हे सगळं बाद?

नाही. ते कविसंकेत आहेत, आणि वाचकाला ते संकेत म्हणून ठाऊक आहेत. गोंधळ होतो तो एकाच कवितेत दोन्ही मिसळल्यावर: पहिल्या ओळीत अंगणातला खराखुरा, डोक्यावर तुरा असलेला काळा-पांढरा चातक आणि तिसऱ्या ओळीत थेंबासाठी चोच वासून बसलेला संकेतातला. खरा चातक पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून येतो आणि सुरवंट खातो. कवितेत कुठला आहे हे वाचणाऱ्याने विचारावं, कवीने ठरवावं.

११. अक्षरं मोजायची कशी? एकजण म्हणतो पाच-सात-पाच नसेल तर तो हायकूच नाही.

मराठीत मोजणी अक्षरांची. जोडाक्षर एकच, अनुस्वार वेगळा मोजत नाहीत. 'प्राजक्ताचं' म्हणजे प्रा-ज-क्ता-चं, चार. अडचण अशी की लिहितो तेवढं आपण बोलत नाही: 'फूल' लिहिताना दोन अक्षरं, कानाला एकच ठोका. म्हणून आधी बोटांवर मोजा, मग मोठ्याने म्हणा. दोन्हींत भांडण झालं तर हायकूत कानाचं ऐका, अष्टाक्षरीत आणि अभंगात मोजणीचं.

पाच-सात-पाच हा जपानी हिशेब आहे आणि तो जपानी ध्वनिमात्रांचा आहे. त्यात दीर्घ स्वर दोन धरतात. 'तोक्यो' हे नाव तिथे चार मात्रांचं होतं. तो आकडा मराठी अक्षरांवर जसाच्या तसा लावला की 'ही', 'ती', 'ग', 'रे' असे भरतीचे शब्द येतात. प्रश्न ६ मधली कविता ७-१२-६ आहे. मधली ओळ लांब आहे हे खरं, पण तिथे 'उचललं' काढलं तर अर्थ सांडतो. तुमच्या गटाने पाच-सात-पाचचा नियम स्वतःसाठी घातला असेल तर तो पाळा. दुसऱ्याच्या कवितेवर पहिला अभिप्राय म्हणून मात्र आकडा टाकू नका.

१२. यमक जुळवायचं की नाही?

यमकामुळे कुठला शब्द आला ते विचारा. 'वारा'साठी 'तारा' आला असेल आणि त्या वेळी आकाशात तारा नसेल, तर यमक काढा. सहज आलं असेल तर ठेवा.

१३. मी बोलीत लिहिते. अभिप्राय देणारे 'वावर'च्या जागी 'शेत' करायला सांगतात.

करू नका. विदर्भ-खानदेशातल्या माणसाच्या तोंडी जे 'वावर' आहे त्याच्याबरोबर येणारी माती 'शेत' या शब्दात येत नाही. गोव्याच्या कुळागराला 'बाग' म्हटलं की सुपारी, मिरवेली आणि पाटाचं पाणी सगळंच जातं. अभिप्राय देणाऱ्याने शब्द कळला नाही एवढं सांगावं. मग कवीने बघावं की शेजारच्या शब्दांमधून तो कळेल का: 'वावरात नांगर' म्हटलं की कुठल्याही मराठी वाचकाला कळतं. ते जमत नसेल तर खाली एका शब्दाची टीप द्या. एकाच तीन ओळींत दोन अनोळखी शब्द मात्र जड होतात.

१४. दोघांनी नेमके उलटे अभिप्राय दिले. कुणाचं ऐकू?

दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं असेल तर ती जागा दुखरी आहे, उपाय दोघांचे चुकीचे असले तरी. एक म्हणतो शेवटची ओळ काढा, दुसरी म्हणते वाढवा: म्हणजे शेवटची ओळ अर्धवट आहे. बोटं वेगवेगळ्या जागी असतील तर ज्याला दृश्य तुमच्यासारखं दिसलं त्याचं आधी ऐका; त्याला कविता पोचली आहे, तो तिच्या आतून बोलतोय.

१५. गटात ज्येष्ठ कवी आहेत. त्यांच्या कवितेवर आम्ही लहानांनी काय बोलायचं? आणि ते बोलले की बाकीचे गप्प होतात.

वयाचा मान ठेवूनही खरं सांगता येतं, कारण तुम्ही निवाडा देत नसता, आपल्याला काय झालं ते सांगत असता. 'काका, दुसरी ओळ मला दोनदा वाचावी लागली' किंवा 'मावशी, मला इथे संध्याकाळ दिसली, तुम्हाला सकाळ म्हणायचं होतं का?' यात अवमान काहीच नाही.

दुसऱ्या अडचणीला साधा नियम आहे: सर्वात नवख्याने आधी बोलायचं, सर्वात ज्येष्ठाने शेवटी. ज्येष्ठांना तो आधीच समजावून सांगितला की बहुतेक आनंदाने मान्य करतात, कारण त्यांनाही कोरा अभिप्राय दुर्मीळ झालेला असतो. त्यानेही भागलं नाही तर नावं झाकून वाचा (प्रश्न १६).

१६. नावं झाकून कविता वाचण्याची पद्धत कशी असते?

जपानमध्ये हायकूकारांची बैठक अशीच भरते, तिला 'कुकाई' म्हणतात. आठ जण आणि प्रत्येकी दोन कविता धरल्या तर दीड तास पुरतो.

एका चिठ्ठीवर एकच कविता, नाव नाही. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून मिसळायच्या आणि वाटून द्यायच्या. प्रत्येकाने हाती आलेल्या दोन कविता एका कागदावर आपल्या अक्षरात उतरवायच्या; ही पायरी गाळू नका, कारण अक्षरावरून माणूस लगेच ओळखू येतो. मग कागद फिरवायचे आणि प्रत्येकाने स्वतःच्या सोडून तीन कविता निवडून टिपायच्या. याला पंचवीस मिनिटं द्या. निवडी वाचून दाखवताना निवडणाऱ्याने कारण सांगायचं, आणि सगळं बोलून झाल्यावरच कवीने नाव सांगायचं.

बिघडतं ते इथे: कवी मध्येच समजावू लागतो किंवा चेहऱ्यावरून ओळखू येतो. समजावणं थांबवण्याची जबाबदारी एकाकडे द्या. एकही मत न मिळालेली कविताही शेवटी एकदा मोठ्याने वाचा. कित्येकदा ती कानाने पोचते.

१७. व्हॉट्सॲपवर पाठवताना ओळी मोडतात. लिहून पाठवू की आवाजात?

दोन्ही, पण आधी लिहून. लांब ओळ फोनच्या पडद्यावर आपोआप खाली घसरते आणि तीन ओळींच्या चार दिसतात. वीस-बावीस अक्षरांपेक्षा लांब ओळ असेल तर कवितेचा फोटो पाठवा. ओळ नेमकी कुठे तुटते यावर अर्थ अवलंबून असेल तर हे विशेष पाळा. व्हॉइस नोट दुसऱ्या दिवशी पाठवा. तुमच्या आवाजातला थांबा वाचणाऱ्याला लिहिलेल्यात सापडला होता का, हे तेव्हा कळतं.

१८. किती वेळा सुधारायची? कधी थांबायचं?

तीन-चार खर्ड्यांत बहुतेक छोट्या कविता ठरतात, पण आकड्याला धरून बसू नका. बाशोने १६८९ मध्ये यामादेरा या देवस्थानी लिहिलेल्या झाडकिड्यांच्या हायकूची सुरुवात आधी 'डोंगरातलं देऊळ' अशी होती, मग 'एकटेपणा', शेवटी 'शांतता'. क्रियापदही बदलत गेलं.

थांबण्याची खूण अशी: काल काढलेला शब्द आज परत घालता आणि उद्या पुन्हा काढता. किंवा नव्या वाचकाला तेच दिसतं जे तुम्हाला दाखवायचं होतं. उलट धोक्याची खूण ही, की कवितेवर आता कुणाचाच आक्षेप नाही पण न बघता कुणाला एक शब्दही आठवत नाही. तेव्हा पहिल्या खर्ड्याकडे परत जा. सगळ्यांना खूश करताना जिवंत तुकडा गळून पडलेला असतो.

१९. दुसऱ्याने सुचवलेला शब्द घेतला तर कविता कुणाची?

एखादा शब्द किंवा दुरुस्ती घेतली तरी कविता तुमचीच. आभार मानावेत, हा संकेत. अख्खी ओळ किंवा मुख्य कल्पना त्याची असेल तर त्याची परवानगी घ्या, आणि तो म्हणेल तर दोघांची नावं द्या. भारतात प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. कविता लिहिली की हक्क निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो कवीच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तुम्हाला वाचायला दिलेला खर्डा न विचारता पुढे पाठवणं हे कायद्याआधी विश्वासाला धरून नाही.

२०. गटात दाखवलेली कविता दिवाळी अंकाला 'अप्रकाशित' म्हणून पाठवता येते का?

पाच-सात जणांच्या बंद वर्तुळात दाखवणं म्हणजे प्रकाशन असं बहुतेक संपादक मानत नाहीत. शेकडो सदस्यांचा गट किंवा समाजमाध्यमावरची सर्वांना दिसणारी भिंत ही वेगळी गोष्ट. प्रत्येक अंकाचं निवेदन वाचा, शंका असेल तर पाठवतानाच कुठे दाखवली होती ते एका ओळीत लिहा.

२१. मी परदेशात राहतो. इथल्या बर्फावर मराठीत लिहिलं की अभिप्राय देणाऱ्यांना फ्रीजमधला बर्फ दिसतो.

अडचण खरी आहे. आकाशातून भुरभुरणारा, रस्त्यावर साचलेला आणि पेल्यात टाकलेला, या सगळ्यांना रोजच्या मराठीत एकच शब्द आहे. 'हिम' वापरलं की भाषा एकदम पुस्तकी होते आणि शेजारी बोलीभाषेतली ओळ असेल तर फाटते. नामाला हात न लावता क्रियापदावर काम करा: बर्फ भुरभुरतो, साचतो, पायाखाली करकरतो, छपरावरून घसरतो. 'रात्रभर भुरभुरला' एवढं म्हटलं की पुण्यातल्या वाचकालाही पेला दिसत नाही. तिथल्या झाडांना ओढूनताणून मराठी नावं देऊ नका, मेपल मेपलच राहू द्या. आणि वाचणाऱ्यांत एकजण तिथला, एकजण इथला ठेवा. दोघांना काय वेगवेगळं दिसतं ते बघण्यासारखं असतं.

२२. आई गेल्यावर तिच्या तुळशीवर चार ओळी लिहिल्या. त्यावर अभिप्राय घेऊ का?

आत्ता फक्त ऐकायला द्यायच्या असतील तर तसं स्पष्ट सांगून द्या: 'यावर काही बोलू नका, फक्त वाचा.' असं सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि वाचणाऱ्यानेही तो तंतोतंत पाळावा, शुद्धलेखनाची चूकसुद्धा काढू नये. पुढे कधी या ओळी कविता म्हणून घडवाव्यात असं तुम्हालाच वाटेल तेव्हा प्रश्न ४ प्रमाणे विचारा. अभिप्राय देणाऱ्याने तेव्हाही तुळशीबद्दल, वृंदावनाबद्दल, पाण्याच्या तांब्याबद्दल बोलावं. दुःख कमी-जास्त उतरलं का यावर बोलू नये.

२३. जुने खर्डे ठेवावेत का?

ठेवा. वहीच्या उजव्या पानावर खर्डा आणि तारीख, डाव्या पानावर कुणाला काय दिसलं ते त्यांच्याच शब्दांत, दुरुस्त न करता. फोनवर लिहीत असाल तर जुन्या खर्ड्यावरच बदल करू नका, खाली नवीन उतरवा. काढून टाकलेल्या ओळींखाली रेघ मारून ठेवा, खोडून काळ्या करू नका. शेजारच्या झाडाच्या फुलांची ती मोडीत काढलेली ओळ (प्रश्न ६) पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या कवितेची पहिली ओळ होऊ शकते.